डोक्यातल्या गाठीचं नाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'डोक्यात गाठ आहे,' एवढे तीन शब्द डॉक्टर बोलतात आणि समोर बसलेल्यांच्या मनात लगेच चौथा शब्द उमटतो. कॅन्सर. तो बहुधा कोणी बोलून दाखवत नाही. आई पदर तोंडाला लावते, भाऊ 'मुंबईला न्यावं लागेल का?' एवढंच विचारतो. आज मला ज्या इतिहासाविषयी बोलायचं आहे, तो या चौथ्या शब्दाचा आहे. तो केव्हा खरा ठरला, केव्हा खोटा ठरला, आणि खरं-खोटं कळेपर्यंत माणसाला काय काय सोसावं लागलं, याचा. इंग्रजी पुस्तकांत हा इतिहास सविस्तर लिहिलेला आहे. पण आपल्याकडं तो तसाच्या तसा घडला नाही. आपल्या डोक्यातल्या गाठी वेगळ्या निघाल्या, आणि ते आपल्याच डॉक्टरांना शोधून काढावं लागलं.

सुरुवात जरा लांबून करतो. पांडवलेणी नाशिककरांच्या रोजच्या नजरेतली. त्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खू राहत. बौद्धांच्या विनयपिटकात, महावग्ग नावाच्या भागात, जीवक या वैद्याची एक गोष्ट आहे. राजगृहातल्या एका श्रेष्ठीचं डोकं सात वर्षं दुखत होतं. मोठमोठे वैद्य येऊन गेले. कोणी म्हणालं हा पाचव्या दिवशी मरणार, कोणी म्हणालं सातव्या. जीवक आला. त्यानं आधी विचारलं, 'सात महिने एका कुशीवर, सात महिने दुसऱ्या कुशीवर आणि सात महिने उताणं पडून राहाल का?' श्रेष्ठी हो म्हणाला. जीवकानं त्याला खाटेला बांधलं, डोक्याची कातडी चिरली, कवटीचा सांधा उघडला आणि आतून दोन किडे बाहेर काढून लोकांना दाखवले. मग सांधा मिटवून, कातडी शिवून वर लेप लावला. श्रेष्ठीला मात्र सात दिवसांपलीकडं एका कुशीवर धीर धरवेना. सात दिवस इकडे, सात दिवस तिकडे, सात दिवस उताणं, असं तीन आठवड्यांत तो बरा झाला. जीवक म्हणाला, मला हे आधीच ठाऊक होतं. पण मी सात महिने म्हटलं नसतं, तर तुम्ही सात दिवससुद्धा पडून राहिला नसता. रुग्णाशी कसं बोलावं याचं इतकं जुनं आणि इतकं मिस्कील उदाहरण मी तरी दुसरं वाचलेलं नाही. खरंच किडे निघाले होते का, तो प्रश्न आज बाजूला ठेवू. पण ते किडे जरा लक्षात असू द्या. पुढं त्यांची गरज लागणार आहे.

आता एकदम १८८४ सालच्या लंडनमध्ये येऊ. क्ष-किरण अजून सापडायचे होते. रॉन्टगेनचा शोध १८९५ चा. म्हणजे जिवंत माणसाच्या कवटीच्या आत डोकावायला काही साधन नव्हतं. स्कॉटलंडचा एक पंचविशीतला शेतकरी डॉ. ह्यूज बेनेट यांच्याकडं आला. त्याला आकडी यायची. आधी चेहऱ्याची आणि जिभेची डावी बाजू थरथरायची, मग डावा हात, मग पाय. पुढं हात दुबळा झाला. डोकं असह्य दुखायचं, उलट्या व्हायच्या. मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो, आणि त्यातही चेहऱ्याची, हाताची, पायाची जागा ठरलेली असते, हे त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांत डेव्हिड फेरियर यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून पुढं आलं होतं. बेनेट यांनी त्या आधारावर सांगितलं, गाठ उजवीकडं आहे, हाताच्या जागेजवळ आहे आणि फार मोठी नाही. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी शल्यविशारद रिकमन गॉडली यांनी नेमकी तिथंच कवटी उघडली. वरून काही दिसेना. मेंदूत जराशी चीर दिली, आणि खाली अक्रोडाएवढी गाठ सापडली. ती निघाली. तो शेतकरी शुद्धीवर आला, बोलू लागला, आकडी थांबली. आणि जखमेत पू होऊन अठ्ठाविसाव्या दिवशी गेला.

गॉडली हे जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक लिस्टर यांचे सख्खे भाचे, आणि रुग्ण गेला तो जंतुसंसर्गानं. इतिहासात असे योग असतात. पण गाठ न पाहता केवळ थरथरणाऱ्या हातावरून तिचा पत्ता सांगता येतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं. आजही मेंदूचा डॉक्टर हातात फिल्म घेण्याआधी तुम्हाला नाकाला बोट लावायला सांगतो, एका रेषेत चालायला लावतो, आकडी कुठल्या बोटापासून सुरू झाली ते पुन्हा पुन्हा विचारतो. लोकांना वाटतं, एमआरआय समोर असताना ही चौकशी कशाला? त्या चौकशीला दीडशे वर्षांचा अनुभव आहे.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांचा नायक अमेरिकेचा हार्वे कुशिंग. त्यांच्या आधी डोकं उघडलेल्या रुग्णांपैकी तिसरा-चौथा हिस्सा आणि काही ठिकाणी निम्मे दगावत. कुशिंग यांनी हे प्रमाण शंभरात दहाच्या आत आणलं. रक्तवाहिन्या बंद करायच्या चांदीच्या बारीक चिमट्या, बोव्ही या शास्त्रज्ञाबरोबर १९२६ साली वापरलेली विजेची सुरी, आणि संथ, चिकाटीचा हात. १९३१ साली त्यांनी दोन हजाराव्या गाठीची शस्त्रक्रिया केली. काढलेली प्रत्येक गाठ ते जपून ठेवत, सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. १९२६ साली पर्सिव्हल बेली यांच्याबरोबर त्यांनी मेंदूच्या मूळच्या गाठींचं वर्गीकरण छापलं. डोक्यातली प्रत्येक गाठ सारखी नसते. एक वर्षानुवर्षं मुकाट बसते, दुसरी काही महिन्यांत माणूस नेते. तेव्हा तिची जात कळल्याशिवाय रुग्णाला काहीही सांगू नये, हे त्यातून जगाला समजलं. आपल्या विषयापुरती कुशिंग यांच्या यादीतली एक नोंद महत्त्वाची. त्यांच्या गाठींमध्ये क्षयाच्या, म्हणजे टीबीच्या गाठी शंभरात एखाद-दोनच होत्या. पुढच्या पाठ्यपुस्तकांत हे प्रमाण उतरलं. आणि ती पुस्तकं वाचून आपले डॉक्टर तयार झाले.

आपल्याकडं मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला स्वतंत्र विभाग निघाला तो १९४९ साली, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. डॉ. जेकब चंडी माँट्रियलला शिकून आले होते. पुढच्याच वर्षी डॉ. बी. राममूर्ती यांनी मद्रासच्या सरकारी रुग्णालयात काम सुरू केलं. १९५१ साली या दोघांनी डॉ. एस. टी. नरसिंहन आणि डॉ. बलदेवसिंग यांच्यासह न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. देशभरातले मेंदूचे डॉक्टर तेव्हा बोटांवर मोजता येत होते. मुंबईत याच पन्नाशीच्या दशकात डॉ. राम गिंडे आणि केईएममध्ये डॉ. होमी दस्तूर यांनी हे शास्त्र रुजवलं.

म्हणजे नाशिक, निफाड, येवला, मालेगाव, कळवण इथल्या माणसाला डोक्यात गाठ असेल, तर त्याला घाट उतरण्यावाचून इलाज नव्हता. रेल्वे १८६५ साली थळघाट चढून आपल्याकडं आली होती, ती यासाठी बरीच उपयोगी पडली. पण गाडीत बसण्याआधी गावात महिने जात. डोकं दुखतं म्हणून बाम, सुंठीचा लेप. सकाळी उठल्याउठल्या उलटी होते म्हणून पित्ताचं औषध. आकडी आली की कांदा नाहीतर चप्पल नाकाशी, आणि मग देवऋषी. दिसेनासं झालं की चष्म्याचा नंबर बदलायचा. तो बदलूनही भागलं नाही की एखादा जाणता नेत्रवैद्य डोळ्यात उजेड टाकून आतला पडदा बघायचा. डोक्यात दाब वाढला की तिथं, डोळ्याच्या मज्जातंतूच्या तोंडाशी, सूज दिसते. हे पाहायचं उपकरण हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली काढलं होतं, आणि त्याला ना वीज लागत होती, ना फिल्म. मेंदूतल्या कितीतरी गाठी पहिल्यांदा डोळ्याच्या डॉक्टरांनी पकडल्या, त्यांचं नाव मात्र या इतिहासात सहसा कोणी घेत नाही.

मुंबईत उतरल्यावर दुसरा प्रश्न, राहायचं कुठं? इथं एका माणसाचं नाव घेतल्यावाचून पुढं जाता येत नाही. गाडगेबाबा. नाशिकला येणाऱ्या गोरगरीब यात्रेकरूंसाठी बाबांनी इथं धर्मशाळा बांधली, हे आपल्याला माहीत असतं. पण आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांचं लक्ष वेगळ्या यात्रेकरूंकडं गेलं होतं. रुग्णालयाच्या आवारात, फुटपाथवर, पथारी पसरून पडलेले रुग्णांचे नातेवाईक. १९५४ साली जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांच्यासाठी धर्मशाळा उभी राहिली. १९५६ च्या डिसेंबरात बाबा गेले. त्यांच्या नावाच्या मिशननं चालवलेली दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या कॅन्सरग्रस्तांना आजही आसरा देते. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर घाव भरायला, किरणोपचाराला, तपासणीला महिना-दोन महिने मुंबईत काढावे लागत. जेवणाची आणि अंगाखालच्या सतरंजीची सोय नसल्यामुळं उपचार अर्धवट टाकून गावी परतलेल्यांची नोंद कुठल्याच रुग्णालयाच्या वहीत नसते.

रुग्णालयात दाखल झाल्यावर गाठ कशी शोधत? हे आजच्या पिढीला सांगितलं तर पटणार नाही. साध्या एक्स-रेत मेंदू दिसत नाही, हाड दिसतं. मग १९१८ साली अमेरिकेच्या वॉल्टर डँडी यांनी युक्ती काढली. कवटीला छोटी भोकं पाडायची, मेंदूच्या पोटातल्या पोकळ्यांमधलं पाणी सुईनं काढायचं, त्या जागी हवा भरायची आणि डोकं वेगवेगळ्या बाजूंना वळवून फोटो घ्यायचे. हवा फोटोत काळी दिसते. पोकळी एकीकडं ढकललेली दिसली, की समजायचं, दुसऱ्या बाजूला काहीतरी आहे. हवा कमरेतल्या सुईतूनही भरता येई. रुग्णाला त्यानंतर दिवसदिवस डोकेदुखी आणि ओकाऱ्या. शिवाय दाब वाढलेल्या डोक्यात ही हवा-पाण्याची अदलाबदल धोक्याची. रुग्ण अचानक बेशुद्ध होऊ शकत असे, म्हणून हवेचा फोटो काढला की कित्येकदा त्याच दिवशी ऑपरेशनही उरकून घेत. दुसरी तपासणी पोर्तुगालच्या मोनिझ यांची, १९२७ ची. मानेतल्या धमनीत सुई घालून औषध सोडायचं आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा फोटो घ्यायचा. वाहिन्या वाकलेल्या दिसल्या की त्यांना ढकलणारी गाठ ओळखायची. म्हणजे गाठ स्वतः कधी दिसतच नव्हती. तिनं केलेली ढकलाढकल तेवढी दिसायची.

आणि गाठ कुठं आहे हे कळलं, तरी ती कसली आहे हे कवटी उघडेपर्यंत कळत नव्हतं. नेमकं इथं आपलं आणि पुस्तकाचं बिनसलं. मुंबई, मद्रास, वेल्लोरच्या डॉक्टरांनी ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींतून उगवणारी गाठ, असेल म्हणून डोकं उघडावं आणि आत टणक, पिवळट, मध्ये दह्यासारखा साका असलेली क्षयाची गाठ निघावी, असं वारंवार होऊ लागलं. पन्नास-साठच्या दशकांतल्या भारतीय रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या, तर डोक्यातल्या शंभर गाठींत वीस ते तीस गाठी क्षयाच्या होत्या. क्षय म्हटलं की छाती, खोकला आणि देवळालीचा हवापालट एवढंच लोकांना माहीत. पण क्षयाचे जंतू रक्तातून मेंदूत जातात, तिथं घर करतात, गोळा होऊन बसतात. आणि ती गाठ ग्लायोमासारखीच वागते. तीच डोकेदुखी, तीच आकडी, तोच लुळा पडत जाणारा हात. लहान मुलांत तर ती फार वेळा मागच्या बाजूला, लहान मेंदूत होते, आणि मूल झोकांड्या देत चालू लागतं. पाश्चात्त्य देशही यातून गेलेच होते. इंग्लंडमधल्या लीड्सच्या शवविच्छेदनाच्या नोंदींवरून १९३३ साली गारलँड आणि आर्मिटेज यांनी दाखवलं होतं, की तिथं डोक्यात सापडलेल्या गाठींपैकी सुमारे तिसरा हिस्सा क्षयाचा होता. पुढं तिथला क्षय ओसरला आणि पुस्तकांतली ती पानं बारीक होत गेली. आपल्याकडं क्षय ओसरला नव्हता.

डॉ. होमी दस्तूर आणि डॉ. ए. डी. देसाई यांनी या गोंधळाला हात घातला. त्यांनी १०७ क्षयाच्या गाठींच्या नोंदी घेतल्या, १०७ ग्लायोमाच्या घेतल्या, आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडल्या. हा अभ्यास १९६५ साली लंडनच्या 'ब्रेन' या मेंदूविज्ञानाच्या सर्वांत मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मला या कामाचं मोल फार वाटतं. यात नवं यंत्र नव्हतं, नवं औषध नव्हतं. होत्या त्या रुग्णांच्या केसपेपरच्या चळती. मुंबईच्या रुग्णालयातल्या भाऊगर्दीत, एकेका खाटेखाली दुसरा रुग्ण झोपलेला असताना, कोणीतरी दोनशे चौदा माणसांची कहाणी सविस्तर लिहून ठेवली होती. वय काय, आजार किती दिवसांचा, ताप होता का, आकडी कशी, पडद्यावर सूज किती. ती लिहून ठेवली होती म्हणूनच परक्या पुस्तकाला आपल्या नोंदींनी उत्तर देता आलं. आपल्याकडं कागद जपायची सवय कमी, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

या फरकानं रुग्णाच्या आयुष्यात काय बदलत होतं? सगळंच. १९४४ च्या आधी क्षयाची गाठ काढायला जाणं म्हणजे तिचे जंतू मेंदूच्या आवरणांत पसरवण्यासारखं होतं. रुग्ण ऑपरेशनमधून उठे आणि काही आठवड्यांत क्षयाच्या मेंदूज्वरानं जाई. म्हणून जुने शल्यविशारद अशा गाठीला हात लावू नका, वरचं हाड काढून दाब तेवढा कमी करा, असं सांगत. स्ट्रेप्टोमायसिन आलं, १९५२ साली आयसोनियाझिड आलं, आणि चित्र पालटलं. औषधाच्या आधारानं गाठ काढायची, पुढं वर्ष-दीड वर्ष औषध चालू ठेवायचं, आणि माणूस शेतावर परत. ग्लायोमाच्या रुग्णाला त्या काळात कोणी एवढं आश्वासन देऊ शकत नव्हतं. ज्या घरानं मनातल्या मनात चौथा शब्द उच्चारून ठेवलेला होता, त्यांना 'टीबी आहे' हे ऐकून हायसं वाटलं असेल. क्षयरोगाचं नाव ऐकून हायसं वाटावं, अशी वेळ माणसावर दुसरीकडं कुठं येत असेल?

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका बाईच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला. माणसावर झालेला तो पहिला. कपाळामागच्या मेंदूत गाठ असावी अशी शंका होती, आणि ती प्रत्यक्ष दिसली. हे यंत्र करणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड ज्या ईएमआय कंपनीत होते, तिचं नाव आपल्याकडच्या रसिकांना ग्रामोफोनच्या तबकड्यांमुळं ठाऊक. १९७९ साली त्यांना कॉर्मॅक यांच्यासह नोबेल मिळालं. डोक्यात हवा भरण्याचा छळ काही वर्षांत संपला. ऐंशीच्या दशकात सीटी स्कॅन आपल्याकडच्या मोठ्या शहरांत पसरला, आणि लगेच एक नवंच कोडं उभं राहिलं.

चांगल्या धडधाकट माणसाला, बहुतेक वेळा तरुणाला किंवा शाळकरी मुलाला, एक आकडी येई. स्कॅन केला की मेंदूत वाटाण्याएवढा गोल ठिपका, भोवती सूज. जुन्या अनुभवानं डॉक्टर म्हणत, टीबीच असणार. टीबीची औषधं सुरू होत. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन, ठिपका गायब. म्हणजे टीबीच होता, असा निष्कर्ष. पण मग ध्यानात आलं, की टीबीचं औषध न घेतलेल्यांचेही ठिपके गायब होत आहेत. वेल्लोरच्या डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे काही ठिपके काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. आत काय होतं? जंताचं पिल्लू. डुकराच्या मांसातून माणसाच्या पोटात जाणारा जो चपटा, लांबलचक जंत, टेपवर्म, त्याची मरू घातलेली अळी. जीवकाचे किडे आठवले ना? ते तेच होते असं मी मुळीच म्हणत नाही. पण ती गोष्ट वाचून हसणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

इथं एक गैरसमज काढायला हवा. 'आम्ही तर माळकरी, आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, मग हे कसं?' असं लोक विचारतात. मांसातून जो येतो तो जंत आतड्यात राहतो. मेंदूत जाते ती अळी, आणि ती येते जंताच्या अंड्यांतून. ज्याच्या पोटात जंत आहे, त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. उघड्यावरच्या घाणीतून ती पाण्यात, त्या पाण्यावरच्या कोथिंबिरीत, मुळ्यात, गाजरात, आणि न धुतलेल्या हातांवर येतात. तेव्हा माळकऱ्याच्या डोक्यातही ती जाऊ शकतात. १९९३ साली राजशेखर यांच्या गटानं दोन गाठी ओळखायच्या खुणा प्रसिद्ध केल्या. ठिपका एकटाच, गोल, वीस मिलिमीटरहून लहान आणि डोक्यात दाब वाढलेला नाही, तर बहुधा अळी. त्याहून मोठा, वेडावाकडा, हात-पाय दुबळे करणारा असेल, तर टीबीचा विचार आधी. या दोन-चार ओळींच्या नियमानं किती पोरांची डोकी उघडायची वाचली असतील! अळी मेली की शरीरच तिचा फडशा पाडतं. आकडीचं औषध द्यायचं, धीर द्यायचा, काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचा.

आता उरलेल्या, खऱ्याखुऱ्या ट्यूमरविषयी. त्यातही 'खरा' म्हणजे जीवघेणाच असं नाही. मेंदूच्या आवरणातून येणारा मेनिंजिओमा बहुतेक वेळा साधा असतो, हळू वाढतो, पूर्ण निघाला तर बहुतेकदा तिथंच विषय संपतो. कानाच्या नसेवरची गाठ, पीयूष ग्रंथीची गाठ, यांचंही बहुतांशी तेच. फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर मेंदूत उतरतो, ती गोष्ट निराळी. आणि ग्लायोब्लास्टोमा, या सगळ्यांतला सर्वांत क्रूर. त्याच्याबाबत आकडे लपवण्यात अर्थ नाही. २००५ साली रॉजर स्टुप यांच्या गटाचा अभ्यास आला. नुसत्या किरणोपचारानं अशा रुग्णांचं मध्यम आयुर्मान १२.१ महिने होतं, सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या दिल्यावर ते १४.६ महिने झालं. अडीच महिने. वाचणाऱ्याला ते थोडे वाटतील. पण दोन वर्षांनंतर हयात असलेले लोक शंभरात दहावरून सव्वीसवर गेले होते, आणि ज्याची मुलगी बारावीला आहे त्याला हा दुसरा आकडा आधी सांगावा, असं मला वाटतं.

आणखी एका साध्या औषधाचं नाव घ्यायला हवं. डेक्सामेथासोन. गाठीभोवतीची सूज उतरवणारं हे औषध १९६१ साली गॅलिसिच आणि फ्रेंच यांनी मेंदूच्या रुग्णांसाठी पुढं आणलं. त्यानं दोन दिवसांत रुग्ण उठून बसतो, चहा मागतो, ओळख देतो. घरच्यांना वाटतं, आजार गेला, उगाच ऑपरेशन कशाला? आणि काही जण तिथूनच घरी निघतात. सूज गेलेली असते, गाठ तिथंच असते.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाचा एक अभ्यासही इथं सांगण्याजोगा. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या या रुग्णालयात डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी २००१ पासून तीन ते पंचवीस वर्षं वयाच्या २०० रुग्णांवर दोन प्रकारचे किरणोपचार ताडून पाहिले. सगळे साध्या किंवा मंद वाढणाऱ्या गाठींचे. प्रश्न असा होता, की मूल जगलं, पण पुढं शाळेत त्याची बुद्धी चालते का? गाठीपुरतेच नेमके किरण दिले, तर पुढच्या वर्षांत बुद्ध्यंक आणि ग्रंथींचं काम अधिक चांगलं टिकतं आणि जगण्याचं प्रमाणही घटत नाही, असं निघालं. २०१७ साली हे निष्कर्ष अमेरिकन नियतकालिकात आले. 'वाचला' यापुढचा प्रश्न विचारणारा हा अभ्यास मुंबईत झाला, याचा मला आनंद आहे.

नाशिकचं चित्र गेल्या काही दशकांत बदललं. १९९० साली आडगावला मराठा विद्या प्रसारक समाजाचं वैद्यकीय महाविद्यालय निघालं. १९९८ साली सगळ्या राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आलं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला मात्र २०२४ साल उजाडावं लागलं, ही आपली गंमत. मधल्या काळात मेंदूचे शल्यविशारद, एमआरआय, किरणोपचाराची यंत्रं शहरात आली. पैशाची बाजू सांभाळायला १९९७ ची जीवनदायी योजना होती; २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात उरलेल्या जिल्ह्यांत पोचलेली राजीव गांधी योजना आली, जिला २०१७ पासून महात्मा फुले यांचं नाव आहे. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या माणसाला नाशिक गाठणं हेच अजून मोठं काम असतं, ते वेगळं.

ऑपरेशन नाशिकला झालं, तरी गाठीचं नाव त्या दिवशी कळत नाही. काढलेला तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत जातो, मेणात बसवतात, कागदाहून पातळ काप घेतात, रंगवतात. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ग्लायोमाचं नाव केवळ पेशी पाहून ठरत नाही, पेशीतल्या जनुकांचीही तपासणी लागते. २०२१ च्या आवृत्तीत ते आणखी पक्कं झालं. ही तपासणी सगळीकडं होत नाही. मग मेणाचा तो ठोकळा छोट्या डबीत घालून मुंबईला पाठवला जातो, कधी कुरियरनं, कधी रुग्णाचा भाऊ पंचवटी एक्स्प्रेसनं स्वतः घेऊन जातो. रिपोर्ट यायला दहा-बारा दिवस लागतात. टीबी निघाला तर औषधं त्याच संध्याकाळी सुरू होतात. तोवर रुग्ण डोक्याला पट्टी बांधून घरी असतो, आल्यागेल्याशी बोलत असतो, आणि फोन वाजला की सगळं घर गप्प होतं.